आधी अंगण, मग वही

पोरी,

परवा फोनवर तू एका दमात सांगितलंस की प्रवेश झाला आणि विषयही ठरला: वर्तनवादी अर्थशास्त्र आणि शाश्वतता. मग आवाज खाली आणून विचारलंस, "आत्या, मला जमेल ना?" जमेल. पण जमायला काय लागतं हे फोनवर सांगून संपणारं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. पस्तीस वर्षं मी याच रानात हिंडले. शिकवलं, गावं पाहिली, पेपर लिहिले, इतरांचे प्रबंध तपासले. खाली लिहिलेलं सगळं काही माझं नाही. त्यातलं बरंचसं माझ्या सरांनी मला दिलं, मी माझ्या विद्यार्थ्यांना दिलं, आणि आता तुझी पाळी आहे. सगळं एकदम अंगी लागणार नाही. वहीत जपून ठेव आणि अडशील तेव्हा काढून वाच.

१. आधी अंगणात बस, मग वही उघड

माझं पहिलं सर्वेक्षण निर्धूर चुलीचं होतं. ऐंशीच्या दशकात सरकारची सुधारित चुलीची योजना गावोगाव चालली होती. सासवडच्या पुढच्या एका गावात मी चाळीसेक घरं केली. "चूल आवडली का?" या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांनी "हो" म्हटलं. तक्ता करून मी मोठ्या उमेदीनं सरांपुढे ठेवला. त्यांनी एकच विचारलं, "त्या चुलीवर भाकरी होताना पाहिलीस?"

पाहिली नव्हती. मी ओसरीवर बसून प्रश्न विचारले होते. पुन्हा गेले ती पहाटे गेले, आणि थेट स्वयंपाकघरात बसले. बहुतेक घरांत नवी चूल स्वच्छ होती, कारण ती पेटतच नव्हती. एका घरी तिच्यावर लसणाच्या जुड्या ठेवल्या होत्या. काकूंनी कारण सांगितलं: तोंड लहान, त्यात घालायला लाकूड बारीक फोडावं लागतं, ते फोडायला वेळ कुणाला आहे? आणि भाकरी निखाऱ्यावर उभी करून शेकायला जागाच नाही. मग आवडली असं का सांगितलं? "तुम्ही एवढ्या लांबून आलात, तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

कितीतरी वर्षांनी ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी सुधारित चुलींचा चार वर्षं पाठपुरावा केला. त्यांचा अभ्यास २०१६ साली छापून आला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झालेला दिसला. पुढे हा फरक उरला नाही, कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची डागडुजीही झाली नाही. प्रयोगशाळेत चूल उत्तम होती. ती कमी पडली ती घरात.

तेव्हा पहिले दोन-तीन महिने प्रश्नावली बाहेर काढू नकोस. दळण, पाणी, धारा, बाजार, सगळ्या वेळांना गावात राहून बघ. दोन वह्या ठेव. एकीत मोजलेलं लिही, दुसरीत नुसतं कानावर पडलेलं. प्रबंधाचा खरा प्रश्न बहुतेक वेळा दुसऱ्या वहीत सापडतो.

२. "लोकांना कळत नाही" हे वाक्य खोडून टाक

या विषयात शिरलेल्या प्रत्येकाला सुरुवातीला एक मोह होतो. माणसं कुठे चुकतात याची यादी हातात आली, की दिसेल त्याच्या वागण्यावर चुकीचा शिक्का मारावासा वाटतो. हर्बर्ट सायमनना १९७८ साली नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं साधं होतं: माणसाकडे वेळ, माहिती आणि लक्ष बेताचंच असतं, आणि तेवढ्यात तो भागवतो. हे माणसाच्या अकलेवरचं बोट नव्हे, त्याच्या परिस्थितीचं वर्णन आहे.

तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तोच शेतकरी, तीच कोडी. ऊस तुटायच्या आधी, हात आखडलेला असताना, त्याला कोडी कमी सुटली, आणि ऊस तुटून पैसे आल्यावर जास्त सुटली. अक्कल चार-दोन महिन्यांत वाढत नाही. डोक्यावरचा भार मात्र उतरतो.

आपल्याकडच्या उसाचंच घे. "पाणी नाही तरी ऊस लावतात" असं शहरात बसून म्हणणं फार सोपं असतं. ज्याला म्हणायचं आहे, त्यानं बांधावर जाऊन विचारावं. उसाचा किमान दर कायद्यानं ठरलेला आहे, तोडणी कारखाना करून नेतो, आणि गारपिटीत तूर आडवी होते तसा ऊस सहसा आडवा होत नाही. तुरीचा भाव बाजार समितीत पोहोचेपर्यंत काय होईल ते कुणी सांगू शकत नाही. ज्याच्या घरात लग्न किंवा दवाखाना उभा आहे, तो खात्रीचं पीक निवडतो. त्यातून भूजलाचं नुकसान होतं हे खरंच, आणि ते थांबायलाच हवं. पण उपाय निघतो तो त्याच्या हिशेबातून. आपण दिलेल्या प्रवचनातून तो निघत नाही.

पंजाबात पराळी, म्हणजे भातकापणीनंतर उरलेला पेंढा, जाळू नये म्हणून १७१ गावांत एक प्रयोग झाला. जाळलं नाही तर नंतर पैसे देऊ, या करारानं जाळणं कमी झालं नाही. त्यातले काही पैसे आधीच हातावर ठेवले तेव्हा कमी झालं. पराळी काढायच्या यंत्राचं भाडं आज द्यायचं असतं आणि सरकारी शब्दावर विसंबायचा अनुभव फारसा बरा नसतो, हे ज्यांनी ओळखलं त्यांना उत्तर सापडलं.

३. पाया पक्का घाल, आणि एक पाय मातीत ठेव

आजकाल वर्तनवादी अर्थशास्त्र म्हटलं की मुलं दोन लोकप्रिय पुस्तकं वाचून निघतात. तू तसं करू नकोस. पहिली दोन वर्षं सूक्ष्म अर्थशास्त्र, खेळांचा सिद्धांत आणि अर्थमिती यांना दे. आर किंवा स्टाटा यांपैकी एक सॉफ्टवेअर झोपेतही चालवता आलं पाहिजे. मूळ लेखन वाच. कानमन आणि ट्व्हर्स्की यांचा १९७९ चा लेख समीकरणांसकट वाच. हातचं गेल्याचं दुःख तेवढंच मिळाल्याच्या आनंदापेक्षा जास्त बोचतं, हे तुझ्या पणजीलाही ठाऊक होतं. ते मोजण्याजोगं कसं झालं, हे त्या लेखात कळतं.

आणि निसर्गाचं एक तरी शास्त्र नीट शीक. पाण्यावर काम करणार असशील तर भूजलशास्त्र शीक. दख्खनचा काळा पाषाण पाणी भेगांत आणि फुटलेल्या थरांतच धरतो. म्हणून एकाच्या विहिरीला पाणी लागतं आणि शंभर पावलांवर दुसऱ्याची बोअर कोरडी जाते. हे न कळता पाणीवाटपावर लिहिलेला पेपर हवेत राहतो. पुण्यातच भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय आहे. तिथल्या लोकांशी ओळख कर, नकाशे वाचायला शीक.

पुण्याचंच एक उदाहरण मी कायम डोळ्यांसमोर ठेवते. धनंजयराव गाडगीळ अर्थशास्त्रज्ञ. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले संस्थेचे ते संचालक होते, आणि प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीनं उभे राहिले. त्यांचे चिरंजीव माधव गाडगीळ पर्यावरणशास्त्रज्ञ. त्यांनी सत्तरच्या दशकात वा. द. वर्तकांबरोबर पश्चिम घाटातल्या देवराया धुंडाळल्या. एका घरात पैशाचा हिशेब आणि रानाचा हिशेब दोन पिढ्यांत वाटला गेला. तुला तो एका डोक्यात बसवायचा आहे.

४. एक प्रश्न, एक जागा, आणि पुष्कळ वर्षं

एलिनॉर ऑस्ट्रॉमना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. गणिताची पुरेशी तयारी नाही म्हणून तिला अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला वाव मिळाला नव्हता, म्हणून तिनं राज्यशास्त्र घेतलं. प्रबंधाचा विषय होता लॉस एंजेलिस भागातलं एक भूजलखोरं. उपसा बेसुमार वाढला होता, समुद्राचं खारं पाणी आत सरकत होतं, आणि पाण्याचे वापरकर्ते आपसांत भांडतभांडत नियम बनवत होते. तो प्रबंध १९६५ चा. सामायिक संपत्तीवरचं तिचं गाजलेलं पुस्तक १९९० चं. मधली पंचवीस वर्षं ती त्याच प्रश्नाभोवती फिरत राहिली, म्हणून हार्डिनच्या १९६८ च्या लेखाला तिच्याकडे उत्तर होतं. "सामायिक गोष्टीची माती होणारच" असं तो म्हणाला होता. तिनं किती ठिकाणी माती झाली नाही आणि का झाली नाही, ते दाखवलं.

तुझ्या अंगणातही अशी उदाहरणं आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता घरातल्या माणसांवर ठरला, दरडोई अर्धा एकर. भूमिहीनालाही वाटा होता, आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही असा नियम. हिवरे बाजारला पोपटराव पवारांच्या काळात गावानं पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. यंदा पाऊस किती पडला यावर पिकं ठरू लागली. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. मेंढा-लेखा गावानं जंगलाचे निर्णय ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीनं घेतले. परदेशी पेपर वाचताना ही गावं मनात जागी ठेव. सामायिक संपत्ती कशी टिकते याची ऑस्ट्रॉमनं मांडलेली तत्त्वं त्यांना लावून बघ आणि कुठे बसत नाहीत ते विशेष टिपून ठेव. न बसणारी जागा म्हणजे तुझा प्रबंध.

मानसशास्त्रातले प्रयोग प्रामुख्यानं श्रीमंत पाश्चात्त्य देशांतल्या लोकांवर, त्यातही विद्यार्थ्यांवर झालेले आहेत, आणि तिथले निष्कर्ष सगळ्या मानवजातीचे मानू नयेत, हे जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० सालीच बजावलं. मराठीत लोकांशी बोलता येणं ही तुझी मोठी पुंजी आहे. ती वापर.

५. छोटा आकडा लपवू नकोस

"नज", म्हणजे सक्ती न करता निवडीची मांडणी बदलून दिलेला हलका इशारा. त्याची भुरळ मोठी आहे. जर्मनीत सुमारे ४२,००० घरांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल २०१५ साली आला. संकेतस्थळावर वीज घेताना हरित वीज आधीच निवडून ठेवली, तेव्हा ६९ टक्के ग्राहकांनी ती घेतली. आपण होऊन निवडायची होती तेव्हा अवघ्या ७ टक्क्यांनी घेतली. असे आकडे भाषणात टाळ्या मिळवतात.

आता दुसरा आकडा बघ. अमेरिकेत वीजग्राहकांना "तुमचे शेजारी किती वीज वापरतात" हे कळवणारी पत्रकं गेली. सुमारे सहा लाख घरांच्या अभ्यासात सरासरी बचत २ टक्के निघाली. आणि २०२२ साली स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी दोन मोठ्या नज पथकांचे १२६ प्रयोग तपासले, छापून आलेले आणि न आलेले सगळे. सरासरी परिणाम १.४ टक्केबिंदूंचा होता. विद्यापीठीय नियतकालिकांत छापून आलेल्या प्रयोगांत तोच ८.७ दिसत होता. जे चमकतं ते छापलं जातं, हे त्यामागचं मोठं कारण.

मग दोन टक्के वाया गेले का? मुळीच नाही. पत्रकाचा खर्च थोडा आणि घरं लाखो, तेव्हा दोन टक्केही मोलाचे. पण दोनाला दोनच म्हण. तुझ्या निकालावर विसंबून कुणी तरी योजना आखेल, पैसा घालेल. शून्य आलं तर शून्य लिही. मला माझ्या आयुष्यात एका निकालाचा पश्चात्ताप आहे. परिणाम दिसला नाही म्हणून तो मी कपाटात ठेवला. पुढे दोन विद्यार्थ्यांनी त्याच वाटेनं जाऊन प्रत्येकी दीड वर्ष घालवलं. मी छापला असता तर त्यांची ती वर्षं वाचली असती.

६. आधी लिहून ठेव, मग बघ

सर्वेक्षणाला निघण्याआधी कागदावर लिही: मी काय मोजणार, किती लोकांवर, कोणती तुलना करणार, काय दिसलं तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल. मग ते सार्वजनिक नोंदवहीत नोंदव. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची अशी नोंदवही २०१३ पासून आहे. हा उपद्व्याप वाटेल, पण मन फार चतुर असतं. आकडे हाती आले की "मला हेच तर विचारायचं होतं" असं ते सहज पटवून देतं.

२०१५ साली मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत तसाच ठोस निकाल आला. पुढच्या वर्षी अर्थशास्त्रातले १८ प्रयोगशाळेतले प्रयोग पुन्हा केले, तेव्हा ११ टिकले. आणि अर्जावर प्रामाणिकपणाची सही शेवटी न घेता वर, सुरुवातीला घेतली तर लोक खरं लिहितात, असं सांगणारा २०१२ चा गाजलेला लेख २०२१ साली मागे घेतला गेला. त्यातल्या एका प्रयोगाचे आकडेच बनावट निघाले. आपल्या विषयाच्या घरात हे घडलं आहे. ते लक्षात ठेव.

म्हणून कच्चे आकडे कधी खोडू नकोस. मूळ फाइल वेगळी, साफ केलेली वेगळी, आणि मधला प्रत्येक बदल कोडमध्ये. तुझ्यासाठी काम करणाऱ्या तपासनिसांची दहातली एक भेट स्वतः जाऊन पडताळ. त्यांना वेळेवर आणि पुरते पैसे दे. घाईत, उन्हात, उपाशीपोटी भरलेला फॉर्म खोटा निघाला तर तो दोष निम्मा तुझा असतो.

७. दंड आणि बक्षीस जपून वापर

इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा अभ्यास तू वाचलाच असशील, तो २००० साली आला. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना सहा पाळणाघरांत दंड लावला. उशीर कमी व्हायचा तो वाढून जवळजवळ दुप्पट झाला, आणि दंड काढल्यावरही तसाच राहिला. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटत होती. दंड आला आणि लाजेचा भाव ठरला. कोलंबियातल्या खेड्यांत सामायिक जंगलाचा खेळ खेळताना लोकांनी आपसांत बोलून संयम पाळला. बाहेरून ढिला नियम लादल्यावर मात्र जो तो आपलं बघू लागला.

याचा अर्थ दंड वाईट असा काढू नकोस. पाणी पंचायतीलाही नियम होते आणि ते कडक होते. तपास एवढाच कर की नियम कुणी केला, तो मोडल्याचं कुणाला दिसतं, आणि तो येण्याआधी तिथे कोणती रीत काम करत होती. देवराईतली फांदी तोडायला हात धजत नाही, त्या भीतीत आदरही मिसळलेला असतो. तिथे दंडाची पाटी ठोकण्याआधी दहा वेळा विचार कर.

८. व्यवस्थेचा भार माणसाच्या गळ्यात बांधू नकोस

हा मंत्र मी उशिरा शिकले, म्हणून तुला लवकर देते. २०२२ साली निक चेटर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या दोघांनी, जे स्वतः या विषयाचे जुने वाटसरू आहेत, एक कबुली दिली: एकेका माणसाचं वागणं सुधारण्याच्या नादात व्यवस्थेचे नियम बदलण्याकडे आपलं दुर्लक्ष झालं. नळ घट्ट बंद करा असं घरोघर सांगणं चांगलंच आहे. पण मुख्य जलवाहिनीच गळत असेल तर आधी तिकडे बघावं लागतं. ओला-सुका कचरा वेगळा न करणाऱ्या बाईवर पेपर लिहिण्याआधी गाडी दोन्ही कचरे एकत्र तर करत नाही ना, हे पाहून ये.

व्यवस्थेवरही काटेकोर प्रयोग होऊ शकतो, हे सुरतनं दाखवलं. २०१९ पासून तिथल्या कारखान्यांच्या धुरातल्या कणांसाठी परवान्यांचा बाजार सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही कारखाने नव्या पद्धतीत आले, काही जुन्यातच राहिले. बाजारात आलेल्यांचं प्रदूषण २० ते ३० टक्क्यांनी उतरलं. धुराड्यात सतत मोजणारी यंत्रं होती, प्रदूषण नियंत्रण मंडळाची देखरेख होती, आणि हिशेब चुकता करावाच लागत होता. या विषयाला एवढी झेप घेता येते. तुझी नजर नुसत्या पत्रकावर अडकू देऊ नकोस.

९. रोजच्या जगण्याचे चार शब्द

गाईड निवडताना त्यांचं नाव बघण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेट. प्रबंधाचं प्रकरण किती दिवसांत वाचून मिळालं, पेपरवर नाव कुणाचं आधी आलं, अडचणीत फोन उचलला का, एवढे तीन प्रश्न पुरतात. सहलेखनाचं सुरुवातीलाच बोलून घे आणि मेलवर लिहून ठेव. चांगल्या नात्यालाच हे आधी केलेलं मानवतं.

फेलोशिपचे पैसे उशिरा येतात. चार महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय फील्डवर्कची तारीख ठरवू नकोस. पावसाळ्यात गावाला वेळ नसतो, आणि ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातली कितीतरी घरं कुलूपबंद असतात. त्या काळात केलेलं सर्वेक्षण गावात मागे उरलेल्यांपुरतंच बोलतं.

आपली माणसं शोध. इंडियन सोसायटी फॉर इकॉलॉजिकल इकॉनॉमिक्स ही संस्था १९९९ पासून आहे. तिची दर दोन वर्षांनी परिषद भरते आणि तिचं नियतकालिकही आहे. गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतली व्याख्यानं ऐक. पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नकोस. तो पेपर पुढे आयुष्यभर तुझ्या नावाला चिकटून राहतो.

लेख परत येईल. माझा सगळ्यात बरा लेख तीनदा परत आला. परीक्षकाचं पत्र आल्या दिवशी वाच आणि मिटून ठेव. आठव्या दिवशी पुन्हा उघड. त्यातली निम्मी टीका तेव्हा उपयोगाची वाटते.

आणि शिकवणं टाळू नकोस. पहिल्या वर्षाच्या वर्गाला "सामायिक पाणी" समजावता आलं नाही, तर तुलाही ते पुरतं समजलेलं नाही. आंध्र प्रदेशात रूथ माइंझेन-डिक आणि सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना भूजलाचा खेळ खेळायला दिला होता. कमी पाण्याचं पीक की जास्त पाण्याचं, हे खेळाडूनं ठरवायचं आणि पातळी कशी उतरते ते सगळ्यांनी बघायचं. खेळानंतरच्या चर्चेत लोक आपल्याच विहिरींबद्दल बोलू लागले. तोच खेळ वर्गात खेळव. संशोधन आणि शिकवणं यांतली भिंत किती पातळ आहे ते दिसेल.

१०. घेतलेलं परत नेऊन दे

गावानं दिलेला वेळ ही उधारी असते. एक तास बोलायला बसलेल्या बाईचा एक तास रोजगार बुडतो, तेव्हा त्याची भरपाई आधीच अंदाजपत्रकात धर. संमतीचा कागद मराठीत, मोठ्या अक्षरात असू दे. वाचता येत नसेल त्यांना वाचून दाखव, आणि "नको" म्हणायची मोकळीक खरोखर दे.

काम संपल्यावर निकाल घेऊन परत जा आणि गावाच्या भाषेत सांग. एका गावात पाणीवापर संस्थेचा अभ्यास संपवून मी देवळाच्या सभामंडपात निकाल वाचून दाखवत होते. माझा एक निष्कर्ष असा होता की संस्थेच्या कामात बायकांना रस कमी दिसतो, कारण बैठकीला त्या येत नाहीत. मागच्या रांगेतली एक आजी उठली. "बाई, मीटिंग सहाला असती. सहाला आम्ही डेअरीवर दूध घालाया जातो. रस कमी असता तर आज आलो असतो का?" तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि मंडप बायकांनी भरला होता.

तक्ता बरोबर होता, आकडेही बरोबर होते. मी काढलेला अर्थ चुकला होता. ते प्रकरण मी नव्यानं लिहिलं. संस्थेनं बैठक दुपारी घ्यायला सुरुवात केली, आणि उन्हाळ्यातली पाळी ठरवताना प्यायच्या पाण्याचा मुद्दा पहिल्यांदा बायकांनी मांडला. सगळ्या कारकिर्दीत माझ्या संशोधनानं प्रत्यक्ष बदललेल्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या आहेत. त्यातली ही मला सगळ्यात जवळची, आणि ती त्या आजीनं केली. मी निकाल परत नेला नसता, तर माझा चुकीचा निष्कर्ष तसाच छापला गेला असता आणि पुढे कुणी तरी त्याचा हवाला देत राहिलं असतं.

म्हणून विचारलंस ना, जमेल का? ज्याला "माझं चुकलं, पुन्हा बघते" असं म्हणता येतं, त्याला हे काम जमतं. तुला लहानपणापासून ते म्हणता येतं.

पहिल्या गावाहून परतलीस की थेट माझ्याकडे ये. लॅपटॉप नंतर उघडू. आधी हातपाय धू, चहा घे, आणि मला सांग, त्या घरात सकाळची भाकरी कशावर झाली.

तुझी,
आत्या